केबल तुटली म्हणा, तोडली नको

एखाद्या संस्थेच्या जनसंपर्क विभागात नुकतेच चिकटला असाल, तर आधी क्रियापदं निवडायला शिका. संकट काय, आज ना उद्या येईलच.

या कामी मराठीचे आपल्यावर फार उपकार आहेत. तोडणे-तुटणे, पाडणे-पडणे, तुंबवणे-तुंबणे. जोडीतलं दुसरं उचलायचं. भिंत पडते, नाला तुंबतो. पाणी साचतं, तेही 'सखल भागात'. म्हणजे चूक असलीच तर जमिनीची.

मागे आमच्या गल्लीच्या तोंडाशी खोदताना जेसीबीने केबल तोडली. चक्कीवाल्याने समोरून पाहिलं. आमचं ज्वारीचं दळण तसंच अर्धवट राहिलं. तेव्हा साडेअकरा वाजले होते. दहा मिनिटांत अख्ख्या गल्लीला कारण ठाऊक. वीज कंपनीचा मेसेज आला पावणेचारला, दिवे परत लागल्यावर: 'तांत्रिक बिघाडामुळे आपल्या भागातील वीजपुरवठा खंडित होण्याची शक्यता आहे.' शक्यता! हा शब्द ज्याला सुचला, त्याचे पाय धुऊन पाणी प्या.

घाई तर मुळीच नको. काय कळलंय, काय अजून कळायचंय आणि पुढची खबर किती वाजता देणार, हे पहिल्या तासातच सांगून टाकलंत तर लोक निमूट आपापल्या कामाला लागतील. मग तुम्हाला विचारणार कोण? त्यापेक्षा फोन उचलू नका. तोवर व्हॉट्सअ‍ॅपवर हवं ते पिकतं आणि संध्याकाळी 'अफवांवर विश्वास ठेवू नये' असं लोकांनाच दटावता येतं.

बसायची जागाही जपून निवडा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस कोसळला. कुलाब्यात 73 च्या आसपास. तेव्हा निवेदन कुलाब्यात बसूनच लिहावं. खिडकीबाहेर पाहिलं की 'परिस्थिती नियंत्रणात आहे' हे शब्द आपसूक सुचतात, आणि ते खोटंही नसतं. त्या खिडकीपुरतं.

दुसऱ्या दिवशी मुंबईकर कामावर जाणारच. खाडा पडला तर पगार कापतात. त्याला 'स्पिरिट' म्हणून सलाम ठोका.

शेवटी दिलगिरी. 'गैरसोय झाली असल्यास' असंच लिहायचं. 'असल्यास' गाळलंत तर गैरसोय झाली होती, हे कबूल केल्यासारखं होतं.

आमचा चक्कीवाला मात्र अजून 'तोडली'च म्हणतो. व्याकरण कच्चं आहे त्याचं.