सोडा ब्रेड ‘हजारो वर्षांचा’? मग सोडा कुठून आणला?

मार्चमध्ये आयर्लंडच्या संताचा, सेंट पॅट्रिकचा दिवस जवळ आला की एक मजकूर हमखास फिरतो. आयर्लंडच्या खेड्यांतला सोडा ब्रेड (यीस्टऐवजी खायच्या सोड्याने फुगवलेला पाव) हजारो वर्षं जुना केल्टिक, म्हणजे तिथल्या प्राचीन लोकांचा, पदार्थ आहे, यीस्ट परवडत नसल्यामुळे गरिबांनी तो शोधला, त्यात मनुका घालत, आणि आतल्या पऱ्या बाहेर पडाव्यात म्हणून वर फुलीसारखी चीर देत. यंदा आमच्या घरच्या ग्रुपवरही आला.

हजारो वर्षांची गोष्ट नावापाशीच अडते. खायचा सोडा हा कारखान्यातला माल. मिठापासून सोडा काढायची फ्रेंच रसायनज्ञ लब्लांची रीत १७९१ची, आणि आयरिश घरांत खायचा सोडा शिरला १८३०च्या पुढे. आयर्लंडच्या उत्तरेकडच्या न्यूरी गावातल्या वर्तमानपत्रातली सोडा ब्रेडची कृती १८३६ची. तेव्हा आपले दुसरे बाजीराव बिठूरला पेन्शन खात होते, इतकी ही ‘प्राचीन’ परंपरा! त्याआधी खेड्यांत ओटच्या पातळ, कडक भाकऱ्या विस्तवासमोर उभ्या करून वाळवत. गरिबाचं पोट तर १८४५च्या दुष्काळापर्यंत बटाट्यावरच भरायचं.

गरिबीचा मुद्दा अर्धाच खरा. सोडासुद्धा विकतच आणावा लागे. खरी अडचण गव्हाची होती. तिथल्या ओल्या हवेत येणारा गहू मऊ, ग्लुटेन (पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन) कमी. यीस्टने फुगायला लागतो तसा ताण त्या पिठाला नाही. ताक मात्र घरोघरी असे. लोणी विकायला जाई, ताक घरात उरे. ताकाचा आंबटपणा आणि सोडा एकत्र आले की वायू सुटतो, पीठ फार मळावंही लागत नाही. भट्टी नसली तरी अडत नसे. बॅस्टिबल हे तीन पायांचं बिडाचं भांडं पीटच्या (दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या इंधनाच्या) विस्तवावर टांगायचं आणि झाकणावर निखारे रचायचे. कोकणात धोंडस खाली-वर निखारे देऊन भाजतात, अगदी तसंच.

मनुका? सणावाराला, पाहुण्यांसाठी. त्या प्रकाराला ‘स्पॉटेड डॉग’ म्हणत. रोजचा ब्रेड साधाच.

राहिली चीर. पऱ्यांच्या गोष्टी सांगत असतीलही, काही जण ती क्रुसाची खूण मानत. पण जाड गोळ्याच्या मध्यापर्यंत आच पोचते ती चिरेमुळेच, शिवाय मोडताना सरळ चार तुकडे होतात. उत्तरेकडे तर पीठ आधीच चार भागांत कापून तव्यावर टाकतात. त्या तुकड्याला ‘फार्ल’ म्हणतात, म्हणजे चौथा हिस्सा.