लाइट गेली, गेले की गेला?

काळोख झाला की लोकांच्या घरी मेणबत्ती कुठे ठेवली यावरून वाद होतो. आमच्याकडे त्याआधी व्याकरणाचा वाद होतो, मेणबत्तीचा नंबर मागून लागतो.

मी साताऱ्याकडचा. आमच्या गावात लाइट ही बाई आहे. ती येते, जाते, मध्येच डीम होते, कधी तरी झटका देते. तिचा खांब तो ‘लाइटीचा खांब’ आणि तिचं बिल ते ‘लाइटीचं बिल’. बायको पुण्याची. तिच्या माहेरी लाइट अनेकवचनात राहतात. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात ती अंधारात फोनवर बोलत होती. “हो गं, आत्ताच गेले. सकाळपासून कमी-जास्त होतच होतं. काही सांगता येत नाही बाई, रात्र अशीच काढावी लागणार.” मी मुकाट्याने पांढरा सदरा शोधला, चपला घातल्या आणि दाराशी जाऊन उभा राहिलो. कोण गेले म्हणून हळूच विचारलं, तर म्हणाली, “लाइट गेले. पण तुम्ही कुठे निघालात?”

तेव्हापासून ‘लाइट गेले’ म्हटलं की मला कुणीतरी वडीलधारं माणूस गेल्यासारखंच वाटतं. आमची कन्या इंग्रजी माध्यमात शिकते. ती या भानगडीत न पडता “बाबा, लाइट गेला” म्हणते आणि मोबाइलची बॅटरी लावून आपल्या कामाला लागते. म्हणजे दोन खोल्यांच्या घरात लाइट एकदाच जाते, पण तीन वेगवेगळ्या वाटांनी.

आमचे सासरे मराठीचे निवृत्त शिक्षक. त्यांना आप्पा म्हणतात. प्रकरण अर्थातच त्यांच्या कोर्टात गेलं. आप्पांनी शाळेतला नियम काढला: परभाषेतून शब्द आला की त्याच्या अर्थाचा मराठी शब्द पाहायचा आणि त्याचं लिंग पाहुण्याला द्यायचं. बूट म्हणजे जोडा, म्हणून तो बूट. क्लास म्हणजे वर्ग, म्हणून तो क्लास. पेन्सिल म्हणजे लेखणी, ट्रंक म्हणजे पेटी, म्हणून दोघीही बायका. बुक म्हणजे पुस्तक, म्हणून ते बुक.

“तसा लाइट म्हणजे दिवा,” आप्पा म्हणाले. “आणि घरात दिवे अनेक. म्हणून लाइट गेले.”

“आप्पा, पण लाइट म्हणजे वीज. वीज गेली, म्हणून लाइट गेली. भर दुपारी बारा वाजता घरात एकही दिवा लावलेला नसतो. पंखा थांबतो, मिक्सरमध्ये चटणी अडकते. मग गेले ते कोण?”

“जावईबापू, संध्याकाळी तुम्ही ‘लाइट लाव’ म्हणता, तेव्हा वीज लावायला सांगता का?”

इथे मी गप्प बसलो, पण पटलं म्हणून नव्हे. समोर आंबरस होता.

गोम अशी आहे की आपण एकाच शब्दाला दोन नोकऱ्या दिल्या आहेत. तो छताला लटकतो तेव्हा दिवा असतो, तारेतून येतो तेव्हा वीज. नियम दोन्हीकडे लागू पडतो आणि दोन्हीकडे वेगळा निकाल देतो. यात दादोबा पांडुरंग तर्खडकरांना दोष देता येत नाही. त्यांचं मराठी व्याकरण 1836 सालचं. तेव्हा मुंबईत रेल्वेसुद्धा नव्हती, ती धावली 1853 साली. विजेचा दिवा तर फार पुढची गोष्ट. आणि आपले स्वतःचे शब्द तरी कुठे सरळ आहेत? वेळ, बाग, तंबाखू, ढेकर कधी पुल्लिंगी तर कधी स्त्रीलिंगी. ज्या भाषेला ढेकर तो की ती हे जेवल्यावरही ठरवता येत नाही, तिने परक्या लाइटीचा निकाल लावावा ही अपेक्षाच जादा आहे.

शेतकऱ्यांनी मात्र हा शब्द पार कामाला लावला आहे. गावाकडे लाइट म्हणजे मोटारीला मिळणारी थ्री फेज. कित्येक भागांत ती आठवड्याच्या पाळीने येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. माझा चुलतभाऊ फोनवर सांगतो, “ह्या आठवड्यात रातची लाइट हाय.” त्याचा अर्थ असा की तो रात्री बारानंतर किर्र अंधारात, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन, साप-विंचू चुकवत विहिरीवर जाणार. का, तर लाइट आली. उजेडाशी हिचा काडीचा संबंध नाही. त्या माणसासमोर ‘लाइट म्हणजे दिवा’ हा नियम म्हणून दाखवावा आप्पांनी.

यात भर म्हणजे मी सोसायटीचा सेक्रेटरी. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायचा वार गुरुवार. मी ग्रुपवर साधी सूचना टाकली: ‘येत्या गुरुवारी लाइट जाणार आहे.’ मिनिटभरात बी विंगमधून दुरुस्ती आली, ‘आहे नव्हे, आहेत.’ नागपूरच्या वहिनींनी विचारलं, ‘लाइन किती वाजता जाईन भाऊ?’ कुणीतरी ‘डीपी जळाली का?’ असं लिहिलं, त्यावर एका कॉलेजकुमाराने घाबरून स्वतःचा डीपी तपासला. तिथे तो डीपी आणि ती डीपी असा नवा फाटा फुटला, तो मी ताबडतोब ॲडमिनच्या अधिकारात बंद केला.

मग मी सूचना पुसली आणि वर्तमानपत्री मराठीत नवीन लिहिली: ‘गुरुवारी सकाळी 10 ते दुपारी 4 या वेळेत विद्युत पुरवठा खंडित राहील.’ हिच्यात लाइट नाही, म्हणजे लिंगही नाही. कुणी बोट ठेवू शकलं नाही. संध्याकाळी वॉचमनने गेटवर अडवलं, “सर, ते खंडित राहील ते कळलं. पण लाइट असंल ना?” ग्रुपवरही एका काकूंनी विचारलं होतंच, ‘पाण्याचं लिहिलंत, लाइटचं काय?’ पाणी त्यांनी कुठून वाचलं ते त्याच जाणोत. बहुतेक ‘पुरवठा’ शब्दातून गळालं असावं.

आता मी काळोखात माणसं ओळखतो. वीज आली की बिल्डिंगभर आरोळी उठते. वरच्या मजल्यावरून “आलेऽऽ” आलं की ते पेठेतले, समोरून “आलीऽऽ” आलं की आपल्या बाजूचं कुणीतरी. मतदार याद्यांत एवढी खात्रीची माहिती मिळणार नाही.

गेल्या महिन्यात आप्पा आमच्याकडे राहायला आले होते. सकाळी सात वाजता ते अंघोळीला गेले. गिझर नुकताच तापू लागला होता, बाथरूमला खिडकी नाही, आणि तेवढ्यात सगळं घर थंड पडलं. आतून जिवाच्या आकांताने आवाज आला, “गेली! गेली रे गेली!”

मी दाराबाहेर उभा राहिलो आणि अतिशय आदराने विचारलं, “कोण गेली, आप्पा?”

आत बराच वेळ शांतता. मग मास्तरांच्या खणखणीत आवाजात उत्तर आलं, “साबणाची वडी.”