टॅपेट कव्हर, प्लग वायर आणि मला ‘बाळा’ म्हणणारे वाचक

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया मंगळवारी रात्री वाचली. तेव्हाच उत्तर लिहायला बसलो होतो, पण ते रागात चाललं होतं म्हणून पुसून टाकलं. आज चार दिवसांनी लिहितोय. राग पूर्ण उतरलाय असं मात्र नाही.

बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून थोडक्यात सांगतो. माझ्या २००१ च्या जुन्या आकाराच्या होंडा सिटीचं, १.५ ईएक्सआयचं, टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाचं) पॅकिंग आणि प्लगपर्यंत वीज नेणाऱ्या चारही प्लग वायरी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी कशा बदलल्या, ते मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप असे: फायरिंग ऑर्डर (चार सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा क्रम) चुकीची छापली आहे, टॉर्क रेंचशिवाय (किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याशिवाय) नट आवळायला सांगितलंय, पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनात साठणारा वायू ओढून घेणारी झडप) चोंदलेला असेल तर नवं पॅकिंगही गळणार, त्याचा उल्लेख नाही, डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्रत्येक प्लगला वीज वाटून देणाऱ्या भागाची, कॅप आणि रोटर न बदलता नुसत्या वायरी बदलणं म्हणजे अर्धवट काम. आणि या सगळ्याच्या वर, पहिल्याच ओळीत: “बाळा, इंजिन म्हणजे मिक्सर नव्हे. चार व्हिडिओ बघून पाना हातात घेणाऱ्यांनी त्याला हात लावू नये.”

फायरिंग ऑर्डरचं तुमचं बरोबर आहे. मी १-३-२-४ लिहिलं, हवं होतं १-३-४-२. टाइप करताना आकडे उलटले. लेखात दुरुस्ती केली आहे आणि ती तुमच्यामुळे झाली, तेही तिथे लिहिलंय. मात्र त्याच लेखात ‘जुनी एक वायर काढा, लांबीला जुळणारी नवी लावा, मगच दुसरीला हात लावा’ असंही ठळक अक्षरांत आहे. तसं करणाऱ्याला फायरिंग ऑर्डर पाठ असायची गरजच पडत नाही. ती ओळ तुमच्या नजरेतून सुटली असावी.

आता ‘बाळा’.

वय सांगायची वेळ आणलीत म्हणून सांगतो, मला बावन्न पूर्ण झाली. माझे वडील एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत फिटर होते. आम्ही पिंपरीत राहायचो. घरी बजाज चेतक होती आणि पावसाळ्यात ती सकाळी सुरू झाली नाही तर प्लग काढायचं काम माझं. मी सहावीत होतो. वडील शेजारी उभे राहायचे, हात लावायचे नाहीत. प्लग काळा आहे की तांबूस, ओला आहे की कोरडा, हे आधी सांगायचं, मगच तारेच्या ब्रशने घासायचा. चुकीचं सांगितलं तर ते पुन्हा बघायला लावायचे, पण ‘तुला काय कळतंय’ असं एकदाही म्हणाले नाहीत. ज्यांनी उभं आयुष्य इंजिनं उघडण्यात घालवलं त्यांनी मला कधी अशा सुरात ‘बाळा’ म्हटलं नाही. तुम्ही एका लेखावरून म्हणालात.

आणि चार व्हिडिओंचं म्हणाल, तर मी पहिल्यांदा हे कव्हर उघडलं ते या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलची झेरॉक्स बॉनेटवर ठेवून. उघडावं का लागलं, तेही ऐका, कारण तुमच्या दुसऱ्या वाक्याचं उत्तर त्यातच आहे.

२०१७ साली गाडीतून जळक्या तेलाचा वास यायला लागला. या इंजिनाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे जळका धूर बाहेर नेणारा तापलेला नळ, पुढे, रेडिएटरच्या बाजूला असतो. कव्हरच्या पुढच्या कडेतून झिरपणारं तेल थेट त्यावर पडतं आणि वास पंख्यातून आत येतो. मी गाडी एका गॅरेजात दिली. नाव घेत नाही, घेणारही नाही. ‘पॅकिंग बदललं’ म्हणून पैसे घेतले. तीन महिन्यांत वास परत. पुढे खंबाटकीच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये गाडी आचके द्यायला लागली, गाडीत आई होती, मागे ट्रकची रांग. कशीबशी वर नेली.

पुण्याला येऊन स्वतः कव्हर उघडलं. पॅकिंग नवं होतं, पण त्याच्या अख्ख्या घेरावर सिलिकॉन फासलेलं. मॅन्युअलप्रमाणे ते लावायचं फक्त कोपऱ्यांवर, जिथे सपाट कड संपून कमान सुरू होते तिथे ठिपक्याएवढं. जास्तीचं सिलिकॉन आत पिळून निघतं आणि त्याचे तुकडे तेलाबरोबर खाली जाऊन गाळणीत अडकू शकतात. नटांखालची रबरं जुनीच, दगडासारखी कडक झालेली. प्लगच्या नळ्यांची चार सीलं तर कुणी बदललीच नव्हती. दोन नंबरच्या नळीत बोटभर तेल साचलं होतं आणि प्लग वायरचं रबरी टोक त्यात भिजून फुगलं होतं. ठिणगी प्लगच्या टोकापर्यंत जाण्याऐवजी वाटेतच नळीच्या भिंतीवर उडत होती. त्या आचक्यांचं कारण ते.

हे काम व्हिडिओ बघणाऱ्या हौशी माणसाने केलेलं नव्हतं. पाटी लावून बसलेल्या, रोज दहा गाड्या करणाऱ्या माणसाने केलेलं होतं. मी सगळ्या मेकॅनिकांना नावं ठेवत नाही, माझ्या ओळखीत फार चांगले हात आहेत. पण ‘हात लावू नये’ हा नियम तुम्ही हौशी माणसासाठीच का करता? नळीतलं तेल चिंधीने टिपून मगच प्लग काढायचा, नाहीतर ते तेल आणि त्यातली माती सरळ सिलिंडरमध्ये जाते, एवढी काळजी घेणारा माणूस घरचा आहे की गॅरेजातला, याने इंजिनाला काय फरक पडतो? २०१८ साली मी लावलेलं पॅकिंग गेल्या पावसाळ्यापर्यंत कोरडं राहिलं. मी पहिल्या वेळी पाच तास घेतले, कारण चिकटलेलं कव्हर स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं नाही, लाकडाच्या ठोकळ्याने चारही बाजूंनी ठोकत बसलो. ॲल्युमिनियमच्या कडेवर एक ओरखडा पडला की नवं पॅकिंगही तिथून गळतं, म्हणून. कव्हर उघडंच होतं तर थंड इंजिनावर टॅपेटही, म्हणजे झडपांची फटही, तपासली. ती हवी इनटेकला ०.१८ ते ०.२२ मिलिमीटर, एक्झॉस्टला ०.२३ ते ०.२७. एक्झॉस्टचे दोन घट्ट निघाले, जुळवले. मिक्सर नव्हे हे मला माहीत आहे हो. आणि घरचा मिक्सरसुद्धा मीच उघडतो, त्याचे कार्बन ब्रश मीच बदलतो.

टॉर्क रेंचबद्दल. ज्याच्याकडे आहे त्याने जरूर वापरावा, मी कुठे नको म्हटलं? कव्हरच्या नटांना ९.८ न्यूटन-मीटर, प्लगला १८. पण कव्हरचं ९.८ म्हणजे किती, हे तरी बघा. दहा सेंटिमीटरच्या दांडीवर दहा किलोचा जोर. लांब रॅचेटच्या टोकाला धरून आवळलं तर बारीक स्टड तुटणारच, म्हणूनच मी लहान टी हँडल वापरा, मधल्या नटापासून तिरपे तिरपे दोन-तीन फेऱ्यांत आवळा, असं लिहिलं होतं. रबर दबून नट थांबला की थांबायचं. ‘घट्ट म्हणजे चांगलं’ ही समजूतच या कव्हराची वैरी आहे. तुम्ही लेख शेवटपर्यंत वाचला असतात तर हा परिच्छेद सापडला असता.

पीसीव्ही व्हॉल्व्ह मी काढून हलवून पाहिला होता, खडखड वाजला, नळी मोकळी होती. लेख पॅकिंगचा होता म्हणून ते लिहिलं नाही. कॅप आणि रोटर: कॅपच्या आतले पॉइंट स्वच्छ होते, भेग नव्हती, कशाला बदलू? वायरी मात्र मीटरवर मोजूनच बदलल्या. कमाल २५ किलोओहम चालतात, तीन नंबरची ३८ दाखवत होती. अंधारात इंजिन चालू ठेवून तिच्यावर पाण्याचा फवारा मारला तर निळी ठिणगी नुसत्या डोळ्यांनी दिसली. याला अर्धवट काम म्हणत असाल तर म्हणा.

तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. चूक दाखवलीत, ती मान्य केली. पण या पानावर कॉलेजातली मुलंही येतात, गेल्या महिन्यात एका मुलीने स्वतःच्या स्कूटरचा प्लग पहिल्यांदा बदलून त्याचा फोटो पाठवला होता. तिने तुमची पहिली ओळ वाचली तर ती पुन्हा पाना उचलेल का, हा विचार तुम्ही केला नाहीत. मला त्याचंच जास्त लागलं. पुढच्या वेळी ‘बाळा’ लिहिलेली प्रतिक्रिया मी ठेवणार नाही, मग त्यात फायरिंग ऑर्डर बरोबर असली तरी.

एक राहिलंच. तुम्ही कोणती गाडी चालवता, आणि तिचं टॅपेट कव्हर स्वतःच्या हाताने शेवटचं कधी उघडलंत, याबद्दल तुमच्या प्रतिक्रियेत एक अक्षर नाही. ते लिहा, मग पुढचं बोलू.