‘धमनीभोवतीच्या चरबीचा स्कॅन’ या मेसेजमध्ये काय चुकलंय

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला तीन ठिकाणांहून आला. आधी इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, मग गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी चालायला येणाऱ्यांच्या ग्रुपवर आणि शेवटी सातपूरला कंपनीत असलेल्या मावसभावाकडून. त्याने खाली विचारलं होतं, ‘ताई, तू याच कामात आहेस ना? खरं आहे का हे? मी करून घेऊ?’ मी इथे नाशिकमध्ये सीटी स्कॅनची टेक्निशियन आहे आणि हृदयाचे स्कॅन हे माझं रोजचं काम आहे. भावाला फोनवर समजावलं, पण ग्रुपवर तोवर लोक एकमेकांना ‘कुठे होतो?’, ‘किती घेतात?’ विचारू लागले होते. म्हणून सविस्तर लिहितेय.

मेसेजचा मजकूर थोडक्यात असा: ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी शोध लावलाय. धमन्यांभोवतीची चरबी स्कॅनमध्ये पाहून हार्ट अटॅक १० वर्षं आधी खात्रीने कळतो. चरबी जितकी जास्त तितकी आतली सूज जास्त. ब्लॉकेज नसलं तरी धोका ३० पट असू शकतो. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने हा स्कॅन करावा, आणि तो नॉर्मल आला तर बीपी-कोलेस्टेरॉलच्या गोळ्या बंद केल्या तरी चालतात. चरबी वितळवायला लसूण, आलं, लिंबू आणि ॲपल सायडर व्हिनेगरचा काढा २१ दिवस घ्यावा.

ऑक्सफर्डचा शोध खरा आहे आणि तो मोलाचा आहे. म्हणूनच त्याच्या नावावर हे सगळं खपवलेलं पाहून मला त्रास होतो.

‘चरबी जितकी जास्त तितकी सूज जास्त.’ संपूर्ण मेसेज या वाक्यावर उभा आहे, आणि मूळ संशोधन नेमकं याच्यापेक्षा वेगळं काही सांगतं. हृदयाच्या धमन्या मुळातच चरबीत बसलेल्या असतात. सडपातळ माणसाच्याही असतात. ती चरबी म्हणजे साचलेली घाण नाही. धमनी आणि तिच्या भोवतीची चरबी यांचं एकमेकींशी सतत देणंघेणं चालू असतं, आणि निरोगी चरबी धमनीला जपणारी द्रव्यंही सोडते. धमनीच्या भिंतीला सूज आली, की त्या भिंतीतून काही रसायनं बाहेर पडून शेजारच्या चरबीत झिरपतात. तिथल्या कोवळ्या चरबीपेशी मग नीट भरत नाहीत. लहान राहतात, त्यांच्यात स्निग्धांश कमी राहतो आणि पाण्याचं प्रमाण वाढतं. म्हणजे इथे चरबीचं प्रमाण बघायचंच नसतं, बघायचा असतो तिचा पोत. घरचं लोणी आणि कढवलेलं तूप शेजारी ठेवून बघा. दोन्ही स्निग्धच, पण लोण्यात पाणी असतं आणि तुपातलं उडून गेलेलं असतं. सुजलेल्या धमनीजवळची चरबी लोण्याच्या बाजूला सरकते.

हा फरक सीटीला आकड्यात दिसतो. सीटीत प्रत्येक ठिपक्याला घनतेचा एक आकडा असतो, तो हाउन्सफील्ड एककात मोजतात. गॉडफ्री हाउन्सफील्ड यांनी सीटीचं यंत्र घडवलं आणि त्यासाठी त्यांना १९७९ चं नोबेल मिळालं. या मापात पाणी शून्य, हवा उणे १००० आणि चरबी साधारण उणे १९० ते उणे ३० यांच्या मध्ये. धमनी ठळक दिसावी म्हणून स्कॅनच्या वेळी शिरेतून आयोडीनचं औषध टोचतात. माझ्या पडद्यावर हे औषध भरलेली धमनी पांढरी दिसते, तिच्याभोवती गडद राखाडी पट्टा दिसतो. त्या पट्ट्यावर कर्सर नेला की उणे ८५, उणे ९२ असे आकडे येतात. चरबीत पाणी वाढलं की आकडा शून्याच्या दिशेने वर सरकतो. ऑक्सफर्डच्या प्रा. अँटोनियाडिस यांच्या गटाने हृदयाच्या शस्त्रक्रियेत काढलेले चरबीचे नमुने तपासून हा संबंध २०१७ साली मांडला. पुढच्या वर्षी जर्मनीतल्या एर्लांगन आणि अमेरिकेतल्या क्लीव्हलँड इथल्या मिळून ३,९१२ रुग्णांच्या स्कॅनवर तो पडताळला. उजव्या धमनीभोवतीचा आकडा उणे ७०.१ किंवा त्याहून वर असलेल्यांमध्ये हृदयविकाराने मृत्यूचं प्रमाण कितीतरी जास्त निघालं.

‘हृदयाभोवती चरबी वाढली आहे’ असं रिपोर्टमध्ये लिहिलेलं असेल तर ती वेगळी गोष्ट. ते चरबीचं आकारमान झालं. वजन वाढलेल्या माणसात ते वाढतं आणि त्यालाही अर्थ आहे, पण धमनीच्या सुजेचा हा आकडा त्यातून मिळत नाही. तसंच फक्त कॅल्शियम स्कोअरचा, म्हणजे धमनीत साचलेलं कॅल्शियम मोजणारा, औषध न टोचता केलेला स्कॅन आणि हा स्कॅनही एक नव्हेत. धमनीची कड स्पष्ट दिसल्याशिवाय तिच्या लगतची चरबी मोजता येत नाही.

इथे माझ्या कामातली एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मी कर्सर ठेवून वाचते तो आकडा म्हणजे ती तपासणी नाही. त्याच माणसाचा स्कॅन १२० ऐवजी १०० केव्हीवर (केव्ही म्हणजे एक्स-रे नळीला दिलेला विजेचा दाब) केला, तर तीच चरबी आणखी उणे दिसते. धमनीत औषध किती भरलंय, चित्र कोणत्या पद्धतीने तयार केलंय, हृदय किती हललं, यानेही आकडा सरकतो. आणि निरोगी व आजारी यांतला फरक तर मोजक्या एककांचाच असतो. म्हणून संशोधनात हे मोजमाप खास सॉफ्टवेअरने, केव्हीची दुरुस्ती करून, वय आणि लिंग लक्षात घेऊन करतात. कुठल्याही केंद्रावर स्कॅन करून ‘तुमची चरबी उणे ६८ आली’ असं कोणी सांगितलं, तर ती कशी मोजली हे आधी विचारा.

‘ब्लॉकेज नसलं तरी धोका ३० पट.’ यातला पहिला अर्धा भाग महत्त्वाचा आहे आणि आपल्याकडे तो फारसा कोणी सांगत नाही. २०२४ साली ब्रिटनच्या आठ रुग्णालयांतल्या ४०,०९१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. डॉक्टरांनी गरज म्हणून ज्यांचा हृदयाचा सीटी केला होता, असे हे लोक. त्यातल्या सुमारे ८१ टक्के लोकांच्या धमनीत रक्तप्रवाह अडवणारं ब्लॉकेज नव्हतं. तरी पुढे हार्ट अटॅकसारख्या ज्या ४,३०७ गंभीर घटना झाल्या, त्यांतल्या २,८५७ याच ‘ब्लॉकेज नाही’ म्हणून सुटकेचा श्वास टाकलेल्यांमध्ये झाल्या. हिशोब मात्र नीट लावा. ब्लॉकेज असलेल्यांत दर माणशी धोका जास्तच होता, साधारण दुप्पट. ब्लॉकेज नसलेले संख्येने कितीतरी जास्त, म्हणून त्यांच्यातल्या घटनांची बेरीज मोठी आली. या मोठ्या गटातून नेमकं कोणाला जपायचं, हे शोधायला चरबीचा आकडा उपयोगी पडतो. त्याचं मोल इथे आहे.

३० पटीचा आकडाही त्याच अभ्यासातला आहे, पण तो मेसेजने उचलून भलतीकडेच ठेवलाय. हृदयाच्या तिन्ही मुख्य धमन्यांभोवती सूज दिसलेले आणि एकाही धमनीभोवती न दिसलेले, अशा दोन टोकांची ती तुलना आहे, तीही हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूची. एका धमनीत थोडी सूज दिसली म्हणून तुमचा धोका ३० पट होत नाही. आणि पट मोजताना मूळ धोका किती, हे माहीत असावं लागतं. दर हजारी एकाचे तीस झाले, तरी ९७० जणांना काही होत नाही.

‘१० वर्षं आधी खात्रीने’ हे तर साफ खोटं. वर्षानुवर्षांचा धोका कमी की जास्त, इतकंच ही तपासणी सांगते. तारीख सांगत नाही.

आता मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारा मुद्दा, नॉर्मल आला तर गोळ्या बंद. ट्रॅकवर येणारे एक काका आहेत, वय ६३, सहा वर्षांपूर्वी स्टेंट बसवलेला. मेसेज आल्यानंतर काही दिवसांनी मला थांबवून म्हणाले, ‘ताई, गेल्या वर्षी माझा सीटी झाला होता, त्यात काही नाही म्हणाले. मग ही कोलेस्टेरॉलची गोळी मी चार दिवस घेतली नाही, पाय दुखायचेही थांबलेत.’ मी त्यांना तिथेच बाकावर बसवलं. काका, तुमच्या सीटीत चरबीचा हा आकडा मोजलाच नव्हता. ‘काही नाही’ म्हणजे नवीन ब्लॉकेज नाही. आणि कदाचित ती गोळी चालू होती म्हणूनच नाही! स्टॅटिनने, म्हणजे तुमच्या त्या कोलेस्टेरॉलच्या गोळीने, कोलेस्टेरॉल तर उतरतंच, धमनीची सूजही कमी होते. स्टेंट बसवलेल्या माणसाची गोळी स्कॅन बघून बंद करा, असं ऑक्सफर्डच्या कोणीही म्हटलेलं नाही. पाय खरोखर गोळीनेच दुखत असतील, तर डॉक्टर डोस बदलतात किंवा दुसरी गोळी देतात, ते त्यांना सांगा. काकांनी फोन काढून तिथूनच मुलाला गोळ्यांचं पाकीट शोधायला लावलं.

‘तिशीनंतर प्रत्येकाने.’ भीती समजण्यासारखी आहे. पहिला हार्ट अटॅक येण्याचं सरासरी वय दक्षिण आशियात ५३ आणि इतर देशांत ५८.८ असं ५२ देशांच्या इंटरहार्ट अभ्यासात दिसलं होतं. आपल्या गल्लीतही चाळिशीतली माणसं गेलेली आपण पाहिली आहेत. पण हा स्कॅन म्हणजे रक्ताची चाचणी नव्हे. त्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तचाचणी) बघावं लागतं, कारण आयोडीनचं औषध मूत्रपिंडातून जातं. कोपराजवळच्या शिरेत जाड सुई लावतो. नाडी साठ-पासष्टच्या आत आणायला गोळी देतो, धमन्या फुलाव्यात म्हणून जिभेखाली औषध ठेवतो. काहींचं बीपी त्याने उतरतं, काहींना आयोडीनची ॲलर्जी निघते. औषध जाताना अंगभर उष्ण लाट आल्यासारखं होतं, घाबरून श्वास सुटला की चित्र हलतं. एक्स-रे किरण लागतात ते वेगळेच. छातीत दुखतंय, डॉक्टरांना शंका आहे, अशा माणसासाठी हे सगळं करणं योग्य आहे. वर सांगितलेले हजारो रुग्णही डॉक्टरांनी गरज पाहून पाठवलेलेच होते, धडधाकट माणसं पकडून आणलेली नव्हती. त्याच इंटरहार्ट अभ्यासात हार्ट अटॅकच्या धोक्याचा ९० टक्के भाग नऊ गोष्टींनी समजावता आला होता. तंबाखू, बिघडलेलं कोलेस्टेरॉल, बीपी, मधुमेह, पोटाचा घेर, ताण, दारू, फळं-भाज्या आणि व्यायाम. यातल्या बहुतेक गोष्टी बघायला माझं मशीन लागत नाही.

सीआरपी ही शरीरातली सूज दाखवणारी रक्तचाचणी करून तेच कळेल, असं एकाने मेसेजखाली लिहिलंय. दाढ सुजली, सांधे धरले, खोकला झाला तरी सीआरपी वाढतो. सूज हृदयाच्या धमनीतच आहे हे तो सांगू शकत नाही.

काढ्याबद्दल फार लिहीत नाही. जी चरबी आपण मोजतो ती वितळवायचीच नसते, ती बिघडवणारी सूज शमवायची असते. लसूण-आलं जेवणात खा, उत्तमच. पण रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर २१ दिवस लसणाचा अर्क पिण्याआधी डॉक्टरांना विचारा. सुजेवर खरं औषध शोधण्याचं काम चालू आहे. गाउट या सांधेदुखीच्या आजारासाठी वापरतात त्या कोल्चिसिनने, ०.५ मिलिग्रॅम रोज, जुना हृदयविकार असलेल्या ५,५२२ रुग्णांमध्ये अटॅकसारख्या घटना ९.६ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर आल्या, असं २०२० साली दिसलं. २०२४ च्या आणखी मोठ्या चाचणीत ताज्या अटॅकनंतर ते दिलं, तर फायदा दिसला नाही. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा काही अँटिबायोटिक चालू असेल तर हे औषध घातक ठरू शकतं, त्यामुळे मेडिकलमधून आणून स्वतः सुरू करू नका.

आणि छातीत आत्ता दुखत असेल, घाम फुटला असेल, डावा हात किंवा जबडा भरून आला असेल, तर स्कॅनची अपॉइंटमेंट नको, गॅसची गोळीही नको. १०८ ला फोन करा किंवा जवळचं इमर्जन्सी असलेलं हॉस्पिटल गाठा. तिथे आधी ईसीजी काढतात. निफाडकडून गार वारं सुटलं की पहाटे ट्रॅकवर ‘थंडीने छाती धरली’ म्हणत चालत राहणारे मी दर हिवाळ्यात बघते.

मावसभावाचं वय ४१. कंपनीत रात्रपाळी, दिवसाला पाच-सहा सिगारेटी, वडिलांना पन्नाशीत अटॅक आलेला. त्याला स्कॅनचं राहू दे म्हटलं आणि रविवारी घरी बोलावून बीपी मोजलं. १५२/९६ आलं. पाच मिनिटं शांत बसवून परत मोजलं, १४८/९४. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहायला सांगितलंय. गुरुवारी उपाशीपोटी शुगर आणि लिपिड करून ती वही घेऊन त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे जातेय.