डेकवर आज काय उभं आहे, ते सांग

नागपूरच्या हजारी पहाडच्या टपरीवर रविवारी तर्री-पोहे संपले तरी कोणी उठेना. विषय नौदलाच्या मिग-29केचा, म्हणजे विमानवाहू जहाजाच्या डेकवरून उडणाऱ्या रशियन लढाऊ विमानाचा: ते दुरुस्त करून वापरावं, की नव्याची वाट पाहावी? सुरुवात अर्थातच सरांची. सर क्लास घेतात. हातात खडू नसला तरी हवेत लिहितात.

"भंगार आहे बे ते! 2016चा कॅगचा, सरकारी हिशेब तपासणाऱ्यांचा, अहवाल वाचा. उडायले तयार विमानं 16 ते 38 टक्के. त्याच्यावर अजून पैसा घालता? आपलं टीईडीबीएफ, जहाजावरचं देशी लढाऊ विमान, येऊन राहिलं ना, थांबा थोडं."

"थोडं म्हंजे किती?" वारंटकाकांनी बशी खाली ठेवली. काकांची नोकरीतली शेवटची वर्षं वायुसेनेच्या ओझरच्या दुरुस्ती डेपोत, 11 बेस रिपेअर डेपोत गेली, मिग-29वरच. "आपलं नौदलाचं तेजस चाचणीत 2020 च्या जानेवारीत विक्रमादित्यवर उतरलं. पुढं डेकवर तैनात किती झाले? फ्रान्सचे राफेल-एम 26, सगळे यायले 2030 उजाडंल. विमानवाहू जहाजं दोन, विक्रमादित्य अन् विक्रांत. तवरिक डेकवर कबुतरं पाळू का?"

सर उसळले, "पण काका, मिग बिघडतेच काऊन?"

काकांनी चहाचा ग्लास उचलला अन् बाकावर धाडकन आदळला. चहा सरांच्या पँटीवर.

"असं उतरते ते. हूक तारेत अडकला की जागच्या जागी खेचून धरते. त्या हिसक्यानं आतल्या पेट्या हलतात. दुखणं माहीत आहे, तर ते दुरुस्त करा! वायुसेनेचे मिग-29 आम्ही ओझरले असेच पुन्हा उभे केले. नौदलाचं सी हॅरियर 1983चं विमान. इस्रायली रडार, डर्बी क्षेपणास्त्र बसवलं, 2016 पर्यंत चाललं."

बापूनं मध्येच टाकलं, राफेलचे पंख घडी होत नाहीत अन् विक्रांतची लिफ्ट मिगच्या मापाची.

"तेच तं! आपल्या जहाजाले आपल्याच मापाचं विमान पाहिजे," सर टेबलावर चढायचेच बाकी.

हे मात्र सरांचं खरं होतं, काकाही नाही म्हणाले नाहीत. "बनवा ना, दहा वर्षं लागू द्या. पण आज रात्री त्या डेकवर उतरणाऱ्या पोराले काय सांगू, थांब म्हणून?"

मला काकांचंच पटतं. कागदावरचं विमान कितीही देखणं असो, समुद्रावर पहारा हातातलं विमानच देतं. त्याची हेळसांड म्हणजे त्या पोरांची हेळसांड.

सर अजून पाचव्या पिढीच्या विमानांवरच होते, तेवढ्यात बापूनं जुनं काढलं. "सर, मागच्या मे महिन्यात कूलरची मोटर काऊन नाही बदलली?"

"एसी घ्याचा होता. ऑफर येणार होती."

"अन् पंधरा दिवस झोपले कोठी?"

सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या.

"काकांचा कूलर लई खडखडते," सर पुटपुटले.

"खडखड नव्हती ते, तू घोरत होता!"

टपरीवाल्याच्याही हातून किटली सुटता सुटता राहिली.