लक्ष्मणफळ, १०,००० पट आणि काकांची किमो

काकूंच्या फोनवर परवा हा फॉरवर्ड आला: ‘लक्ष्मणफळ किमोपेक्षा १०,००० पट प्रभावी. पोटाचा कॅन्सर मुळासकट जातो. साइड इफेक्ट शून्य. औषध कंपन्यांनी दडपलेलं सत्य. तीन महिने किमो थांबवा, पानांचा काढा घ्या.’ काकांना पोटाचा, म्हणजे जठराचा कॅन्सर आहे आणि ऑपरेशनआधीची किमो चालू आहे. काकू विचारत होत्या, “किमोची एक सायकल पुढे ढकलली तर चालेल का रे?” डोकंच फिरलं.

आकडा अगदीच हवेतला नाही, एवढं कबूल. १९९६ साली अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी लक्ष्मणफळातून काही संयुगं वेगळी काढली. त्यातलं एक प्रयोगशाळेत वाढवलेल्या कॅन्सर पेशींवर किमोतल्या एका औषधाच्या, अ‍ॅड्रियामायसिनच्या १०,००० पट तीव्र ठरलं. पण ती संयुगं काढली बियांतून. हो, आपण थुंकून टाकतो त्या बिया. पानांचा संबंध नाही. पेशी मोठ्या आतड्याच्या, जठराच्या नव्हेत. आणि अ‍ॅड्रियामायसिन हे आतड्याच्या कॅन्सरवरचं नेहमीचं औषधच नाही! ज्या पैलवानाला लोळवलं तो त्या वजनगटातला नव्हताच. पेशंट तर या सगळ्यात कुठेच नाही.

साइड इफेक्ट शून्य? कॅरिबियनमधल्या ग्वादेलूप बेटावर पार्किन्सनसारख्या एका आजाराचे बरेच रुग्ण ही फळं खाणारे आणि पानांचा चहा पिणारे निघाले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९९९ साली ते छापून आलंय. कारण पक्कं सिद्ध झालेलं नाही, पण ‘शून्य’ कुठल्या तोंडाने म्हणायचं?

‘दडपलेलं सत्य’ तर हास्यास्पद आहे. कंपन्या झाडांच्या मागेच लागलेल्या असतात. आपल्या सह्याद्रीतला नरक्या बघा. त्यातल्या कॅम्प्टोथेसिन या कॅन्सरविरोधी रसायनासाठी त्याची इतकी तोड झाली की झाड दुर्मीळ झालं. हेच कॅम्प्टोथेसिन सत्तरच्या दशकात पेशंटना देऊन पाहिलं, तर मूत्राशयातून रक्तस्राव व्हायला लागला. रेणूत बदल करून इरिनोटेकान हे औषध झालं, तेव्हा कुठे ते पोटाच्या कॅन्सरलाही वापरता आलं. काकांच्या सलाईनमधलं डोसेटॅक्सेलही यू झाडाच्या पानांतल्या घटकापासूनच बनतं. मोजून, तपासून दिलेलं झाडाचं औषध बंद करून न मोजलेला काढा प्यायचा, असा हा सल्ला.

डोसेटॅक्सेल असलेली काकांची ही चार औषधांची किमो जुन्या किमोशी ताडून पाहिली गेली. २०१९ च्या त्या जर्मन चाचणीत ऑपरेशन होऊ शकणाऱ्या रुग्णांचं मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) ३५ महिन्यांवरून ५० वर गेलं. काढ्याची अशी एक चाचणी दाखवा.

कुणी काढा सुरू केलाच असेल, तर निदान डॉक्टरांपासून लपवू नका. पुढचा डोस रक्ताचे रिपोर्ट बघून ठरतो. रिपोर्ट बिघडला तर पोटात काय गेलं होतं, हे त्यांना कळायला हवं.