टोकन नंबर 47

काल रात्री आठ वाजता माझ्याच घराच्या गेटसमोर माझ्या हातात टोकन पडलं. नंबर 47.

राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीत दोन बर्गरवाले आणि एक शोरमावाला होताच. महिन्यापूर्वी आमच्या गेटला खेटून मोमोचं दुकान आलं.

"काका, लायनीत या की."

"अरे, मी इथं राहतो!"

"सगळे असंच सांगत्यात."

रस्त्याकडेला लावलेल्या माझ्या स्कूटरवर एक जुने पैलवान बसले होते. कान चुरगळलेले, मान जवळपास नाहीच, हातात कागदी डिश आणि सीटवर शेजवान चटणीची वाटी. मला बघून ते तसूभर सरकले. "बसा की सर. गाडी तुमचीच न्हवं?"

बसलो. काय करणार!

"ह्या मैद्यानं पोरं बिघडली बघा," आठवा मोमो मेयोनीजमध्ये बुडवत ते म्हणाले. "आमी गंगावेशीला कट्ट्यावर म्हशीचं दूध प्यायचो. समोर पिळल्यालं. फेस मिशीला."

"मग हे काय?"

"हे वाफवल्यालं हाय. त्याल न्हाई." आणि त्यांनी तळलेल्याची एक प्लेट मागवली.

मला चेव आला. म्हटलं, अमेरिकेत दक्षिण लॉस एंजेलिसमध्ये लठ्ठपणा फार, म्हणून 2008 साली तिथल्या नगर परिषदेनं नवी फास्ट फूड हॉटेलं उघडायला वर्षभर बंदी घातली. पुढं ती कायम केली. आपल्या गल्लीतही तेच पाहिजे.

पैलवान चावायचे थांबले. "मग? उतरली का वजनं?"

हे विचारायला नको होतं. रँड या संस्थेचा 2015 चा अभ्यास सांगतो, लठ्ठपणा वाढतच गेला. बंदी फक्त स्वतंत्र इमारतीतल्या हॉटेलांना. रांगेतल्या गाळ्यांना मोकळीक.

"म्हंजे पळवाट! आपल्यागतच की!" त्यांना इतका आनंद झाला की मला एक मोमो देऊ केला.

तसे आम्ही कोल्हापूरकर या विषयावर बोलायच्या लायकीचे नाही. मिसळीच्या कटावर बोटभर तर्री नसली तर मालकाशी भांडणारी माणसं आम्ही. पण माझं दुखणं वजनाचं नाहीच. रात्री अकराला जळकं तेल आमच्या गटारीत ओततात. वासामुळं आईच्या खोलीची खिडकी महिनाभर बंद आहे. तक्रार द्यायला गेलो, तर साहेब म्हणाले, गेटपासून दुकान किती फूट, त्याचा नकाशा जोडा. तीन प्रतींत.

"सत्तेचाळीऽऽस!" पोरानं ओरडून गर्दी बाजूला सारली. "काकांना जाऊ द्या रे, त्यांचं पार्सल न्हाई."

गेटच्या कडीला मेयोनीज लागलं होतं.